घरातील विजेची साठवण : बॅटरीच्या भारणाचे टप्पे

मृग नक्षत्राचा पाऊस सुरू झाला की गोव्याच्या खेड्यापाड्यांतून वीजपुरवठा खंडित होण्याचे प्रसंग वाढू लागतात. वाऱ्याने एखादे झाड उन्मळून पडते, माडाची झावळी तारांवर कोसळते आणि साऱ्या वाड्यावर काळोख पसरतो. वीज खात्याचे कर्मचारी भर पावसात दुरुस्तीस निघतात. परंतु वाडा आडवाटेला असला म्हणजे वेळ हा लागतोच. तेवढा काळ घरातील दोन दिवे व एखादा पंखा चालू राहावा, मुलांच्या अभ्यासात खंड पडू नये, या हेतूने इन्व्हर्टर व त्यास जोडलेली बॅटरी आता अनेक घरांत, शाळांत आणि पंचायत कार्यालयांत आलेली आहे.

दीडशे अँपिअर-तास क्षमतेच्या एका चांगल्या बॅटरीस आज दहा हजार रुपयांहून अधिक किंमत मोजावी लागते. सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने हा खर्च लहान नव्हे. ही बॅटरी चार-पाच वर्षे टिकावी अशी अपेक्षा असते. तथापि काही ठिकाणी ती दोन पावसाळ्यांतच निकामी होते आणि माल खराब निघाला, असा समज होऊन बसतो. क्वचित तसे असतेही. परंतु पुष्कळदा खरे कारण बॅटरीत नसून तिच्या भारणात, म्हणजेच व्यवहारात ज्यास आपण चार्जिंग म्हणतो त्या क्रियेत असते. बॅटरी वापराने जितकी झिजते, त्याहून अधिक ती अपुऱ्या भारणाने झिजते. म्हणून भारणाचे टप्पे कोणते आणि त्यांतील प्रत्येकास वेळ का द्यावा लागतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

बॅटरीत काय घडते

शिसे व आम्ल यांची बॅटरी फ्रान्समधील शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ साली तयार केली. तिच्या रचनेत पुढे अनेक सुधारणा झाल्या; मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. घरगुती बॅटरीत सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घटाचा विद्युत दाब साधारणतः दोन व्होल्टांहून किंचित अधिक असतो; म्हणून सहा घटांची मिळून १२ व्होल्टची बॅटरी होते.

प्रत्येक घटात दोन प्रकारच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. एका पट्टीवर शिशाचे डायऑक्साइड असते, तर दुसरीवर सच्छिद्र शिसे. बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. बाहेरून वीज देऊन भारण केले म्हणजे हीच क्रिया उलट दिशेने घडते. सल्फेट विरघळून पट्ट्या पूर्वस्थितीस येतात व आम्ल पुन्हा तीव्र होते.

येथेच बॅटरीच्या आयुष्याचे मर्म आहे. नुकतेच तयार झालेले सल्फेट बारीक कणांचे व मऊ असते. ते सहज विरघळते. मात्र भारण अपुरे राहिले आणि हे सल्फेट दिवसेंदिवस तसेच पडून राहिले, तर त्याचे मोठे, कठीण स्फटिक बनतात. ते नंतर सहजासहजी विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निरुपयोगी होतो आणि बॅटरीची क्षमता तेवढ्याने घटते.

परिवर्तकाचे कार्य

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असून तिचा प्रवाह सेकंदात ५० वेळा दिशा बदलण्याचे आवर्तन पूर्ण करतो. बॅटरीस मात्र कमी दाबाचा आणि एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. घरातील वीज बॅटरीच्या उपयोगी पडेल अशा स्वरूपात बदलणारे साधन म्हणजे परिवर्तक अथवा चार्जर होय. ट्रान्सफॉर्मरने दाब उतरविला जातो, एकदिशकारकाने प्रवाह एका दिशेचा केला जातो आणि नियंत्रक मंडल तो किती द्यावयाचा हे ठरविते. घरगुती इन्व्हर्टरमध्ये हे साधन आतच असते. वीज असताना ते बॅटरी भरते आणि वीज गेली की तेच यंत्र बॅटरीतील साठ्यापासून पुन्हा २३० व्होल्टची वीज तयार करते. ग्राहकाचे लक्ष या दुसऱ्या कामाकडे असते. बॅटरीचे भवितव्य मात्र पहिल्या कामावर अवलंबून असते.

एकाच दाबाने का भागत नाही

बॅटरीस अमुक एक दाब सतत देत राहिल्यास ती आपोआप भरणार नाही काय, असा प्रश्न सहज मनात येतो. याचे उत्तर अमेरिकेतील एका अनुभवावरून चांगले समजते. तेथे मोटारीमागे जोडून प्रवासास नेण्याची फिरती घरे प्रचलित आहेत. त्यांना ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. या घरांतील दिवे, पाण्याचा पंप इत्यादी साधने १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात आणि मुक्कामाच्या ठिकाणी तेथील १२० व्होल्टची वीज जोडली की परिवर्तक ही साधने चालवून बॅटरीही भरतो. जुन्या काळचे परिवर्तक १३.६ ते १३.८ व्होल्टच्या आसपास एकच स्थिर दाब देत. या दाबाने रिकामी झालेली बॅटरी पुरती भरण्यास फार काळ लागे आणि एका रात्रीच्या मुक्कामात ती अर्धवटच राही. उलट घर महिनोन् महिने विजेस जोडून ठेवले, तर भरलेल्या बॅटरीस तोच दाब गरजेपेक्षा अधिक होऊन आतील पाणी आटत जाई. म्हणजे जो दाब रिकाम्या बॅटरीस थोडा, तोच भरलेल्या बॅटरीस जास्त ठरे. यावर उपाय म्हणून गरजेप्रमाणे दाब बदलणारे परिवर्तक आले. त्यांतील काही भारणाच्या वेळी १४.४, नित्य वापरात १३.६ आणि दीर्घकाळ उभ्या असलेल्या घरात १३.२ व्होल्ट दाब देतात. आपल्याकडील इन्व्हर्टरमध्येही हेच तत्त्व वापरले जाते.

भारणाचे तीन टप्पे

भारणाची क्रिया समजण्यासाठी शेतजमिनीचा दृष्टान्त उपयोगी पडेल. उन्हाळ्यात तापलेली जमीन पहिला पाऊस घटाघटा पिते. पुढे ती ओली झाली म्हणजे पाणी हळूहळू मुरते. त्या वेळीही पाऊस जोराने कोसळत राहिला तर पाणी मुरत नाही, वाहून जाते. बॅटरीचेही असेच आहे.

पहिला टप्पा भरघोस भारणाचा. या वेळी बॅटरी रिकामी असते आणि देऊ तेवढा प्रवाह स्वीकारते. चार्जर आपल्या मर्यादेपर्यंत एकसारखा प्रवाह देत राहतो. घरगुती बॅटरीस हा प्रवाह साधारणतः तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका असावा. दीडशे अँपिअर-तासांच्या बॅटरीस सुमारे १५ अँपिअर. या काळात बॅटरीचा दाब हळूहळू चढत जातो. साधारणपणे ऐंशी टक्के साठा याच टप्प्यात पूर्ण होतो.

दुसरा टप्पा शोषणाचा. दाब १४.४ व्होल्टच्या आसपास पोहोचला की चार्जर तो तेथेच स्थिर धरतो. काही ट्यूब्युलर बॅटऱ्यांना याहून किंचित अधिक दाब लागतो. आता पट्ट्यांच्या पृष्ठभागावरील सल्फेट संपलेले असते आणि आतील खोलवरच्या भागापर्यंत क्रिया पोहोचावयाची असते. म्हणून बॅटरी स्वतःच कमी कमी प्रवाह घेऊ लागते. पंधरा अँपिअरवरून तो दहा, पाच असा उतरत जातो आणि क्षमतेच्या दोन टक्क्यांच्या सुमारास, म्हणजे आपल्या उदाहरणात तीन अँपिअरपर्यंत आला की बॅटरी भरली असे मानण्यास हरकत नाही. हा टप्पा संथ आहे, परंतु सल्फेटचा शेवटचा अंश येथेच नाहीसा होतो. बॅटरी दोन वर्षे टिकणार की पाच, याचा निर्णय बहुतांशी या शेवटच्या काही तासांत होतो.

तिसरा टप्पा तरंगत्या भारणाचा. भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी तिच्यातील साठा आपोआप थोडाथोडा कमी होत असतो. ही तूट भरून काढण्यापुरता १३.५ ते १३.८ व्होल्टचा सौम्य दाब चार्जर देत राहतो. या स्थितीत बॅटरी भरलेली राहते आणि पाणीही फारसे आटत नाही.

याखेरीज समकरण नावाची एक विशेष क्रिया आहे. दीर्घ वापरानंतर सहा घट सारख्या प्रमाणात भरलेले राहत नाहीत. शिवाय जड आम्ल तळाशी व हलके वर असे थर पडतात. पाणी घालावयाच्या बॅटरीस अधूनमधून काही तास १५ व्होल्ट अथवा थोडा अधिक दाब दिल्यास आत बुडबुडे उठून आम्ल ढवळले जाते आणि मागे पडलेले घट बरोबरीस येतात. ही क्रिया उत्पादकाच्या सूचनेनुसार व जाणकाराच्या देखरेखीखालीच करावी. बंद स्वरूपाच्या बॅटरीस ती कदापि करू नये.

एका घराचा हिशेब

समजा, एका घरात वीज गेल्यावर प्रत्येकी ७५ वॅटचे दोन पंखे, ९ वॅटचे सहा दिवे आणि ५० वॅटचा दूरदर्शन संच चालतो. एकूण भार २५४ वॅट झाला. इन्व्हर्टरमधील घट धरता बॅटरीतून सुमारे ३०० वॅट, म्हणजे १२ व्होल्टच्या हिशेबाने २५ अँपिअर प्रवाह जातो. तीन तासांत ७५ अँपिअर-तास खर्च झाले. दीडशेच्या बॅटरीतून निम्मा साठा गेला. बॅटरीचे आयुष्य टिकवावयाचे तर नित्य वापरात याहून खोल जाऊ नये.

आता ती भरून काढावयाची आहे. घेतले तेवढेच परत देऊन चालत नाही. दहा ते वीस टक्के अधिक द्यावे लागतात. म्हणजे सुमारे ८६ अँपिअर-तास झाले. पंधराने भागून सहा तासांत काम होईल, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात पहिल्या तीन तासांत पन्नास टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांपर्यंत साठा चढतो आणि उरलेल्या वीस टक्क्यांसाठी, प्रवाह उतरत असल्यामुळे, आणखी पाच ते सात तास लागतात. तीन तास वापरलेली बॅटरी पुरती भरण्यास आठ ते दहा तास अखंड वीज हवी, हे सूत्र प्रत्येक ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

अर्धपोटी बॅटरी

पावसाळ्यात नेमकी हीच गोष्ट साधत नाही. वीज चार तास येते, पुन्हा जाते. बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत चढते आणि शोषणाचा टप्पा पुरा होण्यापूर्वीच पुन्हा वापरली जाते. दिवे तर लागत असतात, त्यामुळे कोणास शंका येत नाही. परंतु असे आठवडेच्या आठवडे चालले म्हणजे अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट कठीण होत जाते आणि चतुर्थीच्या सुमारास, घरात पाहुणे असतानाच, चार तास चालणारी बॅटरी एका तासात मान टाकते.

निसर्गाच्या अडचणीस इलाज नाही. पण माणसाच्या सवयींनी पडणारी भर टाळता येते. पुष्कळ घरांत विजेचे बिल वाचविण्याच्या समजुतीने रात्री इन्व्हर्टरचे भिंतीवरील बटण बंद केले जाते. शाळांमध्ये तर शाळा सुटल्यावर मुख्य बटणच बंद करण्याचा प्रघात आहे. त्यामागील सुरक्षिततेचा हेतू चांगला आहे. परंतु बॅटरीस दिवसातून पाच-सहा तासच भारण मिळते आणि दुसरा टप्पा कधीच पुरा होत नाही. तरंगत्या भारणास लागणारी वीज अत्यल्प असते. ती वाचविण्याच्या प्रयत्नात हजारो रुपयांची बॅटरी गमावण्यात शहाणपण नाही. शाळेत इन्व्हर्टरसाठी, योग्य संरक्षक साधनासह, स्वतंत्र जोडणी जाणकार वीजतंत्रज्ञाकडून करून घेतल्यास इतर सर्व मंडले बंद ठेवूनही बॅटरीचे भारण रात्रभर चालू राहू शकते.

पावसाळ्यात वीज गेली असताना भार शक्य तेवढा कमी ठेवावा. दूरदर्शन संच व एक पंखा बंद केल्यास वरील घरातील खर्च निम्म्यावर येतो आणि बॅटरी भरण्यास लागणारा वेळही कमी होतो. निदान आठवड्यातून एकदा तरी बॅटरी पूर्णपणे भरली जाईल, याची खातरजमा करावी.

सौर ऊर्जेवर चालणाऱ्या संचासही हेच नियम लागू आहेत. तेथे चार्जरचे काम भारण-नियंत्रक करतो. सकाळच्या उन्हात पहिला टप्पा पार पडतो व दुपारचे ऊन शोषणास लागते. दुपारीच मोठा भार चालविला तर दुसऱ्या टप्प्यासाठी काही उरत नाही.

प्रकार ओळखून योजना

बॅटऱ्यांचे प्रकार अनेक आहेत. सपाट पट्ट्यांची, ट्यूब्युलर, पाणी घालावे न लागणारी बंद बॅटरी आणि अलीकडील लिथियम बॅटरी यांना लागणारा दाब एकसारखा नसतो. अनेक इन्व्हर्टरच्या मागील बाजूस अथवा पटलावर बॅटरीचा प्रकार निवडण्याची सोय असते. ती बहुधा कारखान्यातून आली तशीच राहते. बंद बॅटरीस ट्यूब्युलरचा दाब मिळाल्यास ती तापते व आतील द्रव कायमचा घटतो; उलट ट्यूब्युलर बॅटरीस कमी दाब मिळाल्यास ती कधीच भरत नाही. नवी बॅटरी बसविताना ही निवड तपासून देण्यास तंत्रज्ञास अवश्य सांगावे. लिथियम बॅटरीस तरंगत्या भारणाची तशी गरज नसते व समकरण तर अपायकारकच ठरते. म्हणून तिच्यासाठी योग्य असा चार्जर असल्याखेरीज जुन्या इन्व्हर्टरला ती जोडू नये.

उष्णतेचाही विचार करावा लागतो. बॅटरीचे तापमान दहा अंशांनी वाढले तर भारणाचा दाब सुमारे पाव व्होल्टने कमी असावा लागतो. सतत दहा अंश अधिक उष्णतेत राहणाऱ्या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. म्हणून चुलीशेजारची जागा, पत्र्याखालची बंद खोली अथवा पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळून पडवीतील सावलीची, हवेशीर पण पावसाची झड न लागणारी जागा निवडावी.

देखभाल व दक्षता

बॅटरीचा साठा जाणण्याची दोन साधी साधने आहेत. पहिले व्होल्टमीटर. भारण थांबवून, भार काढून काही तास विश्रांती दिल्यावर १२.५ ते १२.७ व्होल्ट दाब दिसला तर बॅटरी भरलेली आहे, १२.१ ते १२.२ असता सुमारे निम्मी, आणि १२ च्या खाली असता बरीच रिकामी समजावी. दुसरे साधन हायड्रोमीटर. पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीच्या आम्लाचे विशिष्ट गुरुत्व साधारणतः १.२४० च्या आसपास असते. सहांपैकी एखाद्याच घटाचे माप इतरांहून बरेच कमी येत असेल, तर तो घट मागे पडला आहे असे जाणावे.

पाणी घालताना केवळ डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. विहिरीचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी त्यातील क्षार पट्ट्यांना घातक असतात. पाणी शक्यतो बॅटरी पूर्ण भरल्यानंतर, दर्शविलेल्या खुणेपर्यंतच घालावे. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडण्यापुरते आधी घालावे. आम्ल घरी कधीही घालू नये.

भारणाच्या अखेरीस बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले तरी तो पेट घेऊ शकतो. म्हणून बॅटरीजवळ समई, उदबत्ती, चूल वा विडी असू नये आणि बंद कपाटात बॅटरी ठेवू नये. काम करताना हातातील बांगड्या, अंगठी व घड्याळ काढावे. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास किमान पंधरा मिनिटे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे व डोळ्यांच्या बाबतीत ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

निकामी बॅटरी अंगणात फोडू नये व तिचे आम्ल ओहोळात, गटारात अथवा माडाच्या आळ्यात ओतू नये. शिसे हे विष असून त्याचा दुष्परिणाम लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर विशेषेकरून होतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत दिल्यास पर्यावरणाचे रक्षण होते व नव्या बॅटरीच्या किमतीत बहुधा सूटही मिळते.

शाळा व पंचायतींसाठी

या विषयाचा उपयोग शाळांतून प्रात्यक्षिक म्हणून करता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी भारणाच्या दिवशी दर अर्ध्या तासाने बॅटरीचा दाब नोंदवून त्याचा आलेख काढावा. चढती रेषा, मग सपाट रेषा आणि पुन्हा खाली उतरलेली रेषा असे तीनही टप्पे त्यांना कागदावर दिसतील. विद्युत रसायनशास्त्राचा धडा यामुळे अधिक चांगला समजेल.

पंचायत कार्यालयात व शाळेत बॅटरीसाठी एक लहान नोंदवही ठेवावी. बॅटरी बसविल्याची तारीख, तिचा प्रकार, पाणी घातल्याचे दिवस, महिन्यातून एकदा घेतलेला दाब व प्रत्येक घटाचे विशिष्ट गुरुत्व एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. हमीच्या मुदतीत बॅटरी बिघडली तर तक्रारीस या नोंदींचा आधार मिळतो. मे महिन्याच्या सुटीपूर्वी बॅटरी पूर्ण भरलेली असल्याची खात्री करावी आणि सुटीत भारण चालू ठेवणे शक्य नसेल तर तिच्या जोडण्या जाणकाराकडून सोडवून ठेवाव्यात; सुटीत निदान एकदा पुन्हा भारण करावे. पहिल्या पावसापूर्वी एक दिवस पाणी, जोडण्या व दाब यांची तपासणी करून बॅटरीस दहा-बारा तासांचे अखंड भारण दिल्यास पावसाळ्याच्या तोंडावर ती पुरत्या क्षमतेने कामास सज्ज राहील.